दोनशे ग्रॅमचं पाकीट दोनशे ग्रॅमचंच: छोट्या कारखान्यासाठी सिक्स सिग्माचा पहिला प्रकल्प

सांगली, मिरज आणि कुपवाडच्या पट्ट्यात हळद दळून पाकिटं भरणाऱ्या कारखान्यांत वजनाची तक्रार दोन तोंडांनी येते. दुकानदार म्हणतो, पाकीट हलकं आहे. महिनाअखेरीला मालक म्हणतो, दळलेल्या भुकटीच्या मानानं पाकिटं कमी निघाली. दोन्ही तक्रारी एकाच मशीनच्या आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण दुखणं सरासरीत कमी आणि पाकिटा-पाकिटातल्या फरकात जास्त असतं. हा फरक शोधून कमी करायची शिस्तबद्ध पद्धत म्हणजे सिक्स सिग्मा. हा लेख ती पद्धत पहिल्यांदाच वापरणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण हळदीच्या २०० ग्रॅमच्या पाकिटाचं घेतलं आहे. त्यातले वजनाचे आणि पैशांचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत, तुमच्या कारखान्याचे तुम्हीच काढायचे.

थोडी पार्श्वभूमी. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये बेल समूहातल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत नियंत्रण आलेख, म्हणजे प्रक्रियेचा हेलकावा वेळेच्या क्रमानं दाखवणारा आलेख, मांडला. सिक्स सिग्मा हे नाव आणि पद्धत १९८६ मध्ये मोटोरोलात बिल स्मिथ या अभियंत्यानं आणली आणि १९९५ पासून जनरल इलेक्ट्रिकनं ती जगभर नेली. पद्धतीचे टप्पे पाच: निश्चिती, मोजणी, विश्लेषण, सुधारणा, नियंत्रण. इंग्रजी आद्याक्षरांवरून कारखान्यात त्याला डीमेक म्हणतात. ग्रीन बेल्ट, ब्लॅक बेल्ट ही प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं आहेत. ती चांगली आहेत, पण पहिल्या प्रकल्पासाठी त्यांची गरज नाही. ०.१ ग्रॅमचा काटा, एक्सेल येणारा एक माणूस आणि तीन महिने सेटिंगला मनाला येईल तसा हात न लावायची तयारी, एवढं पुरतं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे.

निश्चिती: अर्ध्या पानात मावेल एवढंच

पहिला प्रकल्प मुद्दाम लहान ठेवा. एक मशीन, एक पाकीट, एक तक्रार. "कारखान्याची गुणवत्ता सुधारणे" हा प्रकल्प कधीच संपत नाही.

अर्ध्या पानावर पुढच्या गोष्टी लिहा: समस्या काय, कधीपासून, किती, त्याची किंमत किती, कुठवर आणायचं, कोणत्या तारखेपर्यंत, आणि कोण कोण आहे. समस्येचं वाक्य साधारण असं हवं: "दोन नंबरच्या भरण मशीनवर गेले तीन महिने २०० ग्रॅमच्या पाकिटांचं वजन १९७ ते २१० ग्रॅमच्या दरम्यान हलतं." यात कारण नाही आणि उपायही नाही. नवखे लोक नेमके इथे घसरतात. "ऑपरेटर लक्ष देत नसल्यामुळे वजन चुकतं" असं लिहिलं की पुढचे चार टप्पे ऑपरेटरला दोषी ठरवण्यात जातात. "नवीन ऑगर (भुकटी पाकिटात ढकलणारा स्क्रू) बसवणे" असं लिहिलं तर तो प्रकल्प उरत नाही, ती खरेदी होते.

किमतीचा हिशोब पहिल्याच दिवशी मांडा, नाहीतर मालकाचं लक्ष आठवडाभरही टिकत नाही. सरासरी भरण २०३.६ ग्रॅम धरा. म्हणजे प्रत्येक पाकिटात ३.६ ग्रॅम जास्त. रोजची १२,००० पाकिटं, म्हणजे दिवसाला ४३.२ किलो आणि २५ दिवसांत १,०८० किलो. भुकटी किलोला २०० रुपये धरली तर महिन्याला २,१६,००० रुपये पाकिटांतून फुकट जातात. एवढं जाऊनही काही पाकिटं हलकीच निघतात, हे त्याच कागदावर पुढच्या ओळीत लिहा.

आता "बरोबर वजन" म्हणजे काय ते ठरवा. वैधमापनशास्त्र आवेष्टित वस्तू नियम, २०११ प्रमाणे २०० ग्रॅमच्या एकट्या पाकिटात ४.५ टक्के, म्हणजे ९ ग्रॅमपर्यंत तूट माफ आहे. पण तपासलेल्या नमुन्याची सरासरी छापील वजनाच्या खाली गेलेली चालत नाही. तेव्हा "१९१ पर्यंत चालतं" असं समजून सेटिंग खाली आणणं चूक आहे, आणि गिऱ्हाईकाशी बेइमानीही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावावर विकल्या जाणाऱ्या पाकिटानं वजनातही नाव राखायला हवं. आपल्या उदाहरणात कारखान्याची स्वतःची मर्यादा नियमापेक्षा कडक, १९८ ते २०६ ग्रॅम अशी ठेवू. त्याबाहेरचं प्रत्येक पाकीट सदोष धरायचं. २०८ ग्रॅमचं पाकीट गिऱ्हाईकाला आवडेल, तरी आपल्या हिशोबात तेही सदोषच.

गटात पाच माणसं पुरतात: दोन्ही शिफ्टचे ऑपरेटर, फिटर, गोदाम सांभाळणारा आणि एक सुपरवायझर. ऑपरेटरांशिवाय केलेला प्रकल्प कागदावरच राहतो. सगळ्यांनी मिळून प्रक्रियेचा साधा नकाशा काढा: हळकुंडांची साफसफाई, दळण, चाळण, भुकटी पोत्यात, हॉपरमध्ये (मशीनवरच्या भुकटीच्या पेटीत) ओतणं, ऑगरनं भरण, सीलिंग, वजन, खोका. हा नकाशा कार्यालयात बसून काढू नका. मशीनपाशी उभं राहून, पोत्याच्या मागोमाग चालत काढा. ताजी दळलेली भुकटी कधी थेट हॉपरमध्ये जाते आणि कधी दोन दिवस पोत्यात पडून राहते, हे अशा वेळीच दिसतं. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

मोजणी: आधी काट्याची परीक्षा, मग पाकिटाची

बहुतेक जण इथे थेट वजनं लिहायला बसतात. थांबा. काटा आणि वजन करणारा माणूस मिळून जी मोजणी होते, तिच्यातच किती हेलकावा आहे हे आधी बघायचं.

काट्याची बारकाई तुमच्या मर्यादेच्या रुंदीच्या दहाव्या भागापेक्षा मोठी नसावी. आपली रुंदी २०६ वजा १९८, म्हणजे ८ ग्रॅम. तेव्हा ०.८ ग्रॅमपेक्षा बारीक दाखवणारा काटा हवा. १ ग्रॅमचा काटा इथे चालणार नाही, ०.१ ग्रॅमचा घ्या. त्यावर वैधमापन विभागाच्या पडताळणीचा चालू शिक्का आहे का बघा. रोज सकाळी २०० ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवून आकडा वहीत लिहा. काटा डगमगत्या टेबलावर किंवा पंख्याखाली असेल तर शेवटचा आकडा नाचत राहतो. हळदीच्या कारखान्यात आणखी एक भानगड असते, ती म्हणजे ताटलीवर साचणारी भुकटी. दर तासाला ताटली पुसून शून्य केलं नाही तर दुपारपर्यंत अर्धा ग्रॅम सहज चढतो.

रिकाम्या पाकिटाचं वजनही तपासा. एका रोलमधली ३० रिकामी पाकिटं तोला. त्यांच्यातला फरक दोन दशांश ग्रॅमच्या आत असेल तर सरासरी वजा करून चालेल. जास्त असेल तर तपासणीच्या पाकिटांवर आधीच नंबर टाकून त्यांचं रिकामं वजन नोंदवून ठेवावं लागेल. रोल बदलला की हे पुन्हा करायचं.

मग मोजणीची खरी परीक्षा. वेगवेगळ्या वजनांची भरलेली १० पाकिटं घ्या, तळाला नंबर लिहा. तीन माणसांनी प्रत्येक पाकीट तीनदा तोलायचं, एकूण ९० नोंदी. क्रम प्रत्येक वेळी बदला. आधीचा आकडा तोलणाऱ्याला दिसू देऊ नका, नाहीतर तो नकळत तोच आकडा पुन्हा लिहितो. यातून दोन गोष्टी निघतात. एकाच माणसाला एकाच पाकिटाचं वजन किती वेगळं मिळतं, आणि माणसामाणसात किती फरक पडतो. दोन्ही मिळून होणाऱ्या हेलकाव्याच्या सिग्माला (सिग्मा म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप) सहानं गुणा आणि ८ ग्रॅमशी ताडा. गुणाकार मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर मोजणी उत्तम, ३० टक्क्यांच्या वर गेला तर नापास, मधे असेल तर काम चालवा पण सुधारा. आपल्या उदाहरणात याचा अर्थ असा, की मोजणीचा सिग्मा ०.१३ ग्रॅमपर्यंत असेल तर छान आणि ०.४ च्या वर असेल तर पुढे जाऊच नका. नापास काट्यानं गोळा केलेल्या महिनाभराच्या आकड्यांतून काहीही सिद्ध होत नाही.

आता नोंदी. दर तासाला लागोपाठची ५ पाकिटं उचला आणि तोला. लागोपाठचीच, कारण त्यांच्यातला फरक मशीनचा स्वतःचा असतो. एका तासाच्या गटातून पुढच्या तासाच्या गटात दिसणारा फरक बाहेरच्या कारणांचा असतो. हे दोन फरक वेगळे ओळखता आले की अर्धं काम झालं. नोंदवहीत वजनाशिवाय पुढचे रकाने हवेत: तारीख, वेळ, शिफ्ट, ऑपरेटर, हॉपरमधली पातळी (वरची, मधली, खालची), भुकटी कधी दळली, पोत्याचा बॅच, त्या तासात सेटिंग बदललं का आणि किती. शेवटचा रकाना कोणालाच भरायला आवडत नाही. तो भरल्याबद्दल कोणाला ओरडा बसणार नाही, हे मालकानं स्वतः सांगावं लागतं.

किमान ३० तासांचे गट, म्हणजे १५० पाकिटं गोळा करा. दोन्ही शिफ्ट, निदान तीन-चार बॅच आणि एक सोमवार त्यात यायला हवा. या काळात प्रक्रियेत काहीही सुधारू नका, आहे तशी चालू द्या.

खोट्या नोंदी ओळखायला शिका. सगळी वजनं २०१ आणि २०३ च्या मधे, दशांश नेहमी .० किंवा .५, शाई आणि अक्षर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखं, तर पान शिफ्ट संपताना एकदमच भरलेलं आहे. अशा वेळी माणसावर चिडू नका. वही मशीनपासून किती लांब ठेवली आहे ते आधी बघा.

आता आजची पातळी काढा. समजा १५० पाकिटांची सरासरी २०३.६ आली आणि सिग्मा, म्हणजे एक्सेलमध्ये निघणारं स्टँडर्ड डेव्हिएशन, २.४ ग्रॅम. मर्यादेची रुंदी ८ ग्रॅम, सहा सिग्मा १४.४ ग्रॅम. ८ भागिले १४.४ म्हणजे ०.५६. याचा अर्थ, सरासरी अगदी मधोमध आणली तरी पाकिटं मर्यादेत मावत नाहीत. सरासरी वरच्या बाजूला सरकलेली आहे हे धरलं तर जवळच्या मर्यादेपर्यंतचं अंतर २.४ ग्रॅम, त्याला तीन सिग्मानं, म्हणजे ७.२ नं भागलं की ०.३३. हा आकडा निदान १.३३ असावा अशी उद्योगातली सर्वसाधारण अपेक्षा असते. वजनं सामान्य वाटपाप्रमाणे (मधे गर्दी, दोन्ही टोकांना विरळ, घंटेच्या आकारात) पसरली आहेत असं धरल्यास सुमारे १६ टक्के पाकिटं २०६ च्या वर आणि १ टक्का १९८ च्या खाली जातात. दहा लाखांत साधारण १ लाख ६९ हजार सदोष, म्हणजे सिग्मा पातळी (दोष जितके कमी तितकी ती वर) जवळपास २.५. तुलनेसाठी सांगायचं तर सिक्स सिग्माच्या नेहमीच्या तक्त्यात ३ सिग्माला दहा लाखांत ६६,८०७ दोष, ४ ला ६,२१० आणि ६ ला ३.४. या तक्त्यात प्रक्रिया काळाच्या ओघात १.५ सिग्मा सरकते असं आधीच धरलेलं आहे. हळदीच्या पाकिटाला ६ सिग्मा गाठायची काहीच गरज नाही. ४ च्या वर स्थिर राहिलात तरी पैसा आणि नाव दोन्ही वाचतं.

विश्लेषण: आकडे बाजूबाजूला मांडा

माशाच्या काट्याची आकृती काढा, पण ती म्हणजे विश्लेषण नव्हे. जपानी गुणवत्तातज्ज्ञ इशिकावांची ती आकृती संशयितांची यादी आहे: यंत्र, माणूस, माल, पद्धत, मोजमाप, वातावरण. गुन्हा सिद्ध होतो तो नोंदवहीतून.

पहिलं काम म्हणजे १५० वजनं वेळेच्या क्रमानं आलेखावर मांडणं. नुसती सरासरी बघून जे दिसत नाही ते इथे दिसतं. रोज सकाळी वजन वर आणि जेवणाच्या सुट्टीआधी खाली, असा उतार दिसला तर कारण दिवसाच्या रहाटीत आहे. मग वजनांचा स्तंभालेख काढा. दोन शिखरं दिसली तर दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत: दोन बॅच, दोन ऑपरेटर किंवा हॉपरच्या दोन पातळ्या.

नंतर तेच आकडे एकेका रकान्यानं वेगळे करा. समजा पातळीप्रमाणे हॉपर वरच्या तिसऱ्या भागात असताना सरासरी २०५.४, मधे २०३.६ आणि खाली २०१.२ आली. याचं कारण समजण्यासारखं आहे. ऑगर वजन मोजत नाही. तो ठरावीक फेरे फिरतो आणि ठरावीक घनफळ ढकलतो. हॉपर भरलेला असेल तर वरच्या भुकटीच्या दाबानं खालची भुकटी घट्ट होते, तेवढ्याच घनफळात वजन जास्त जातं. ताज्या दळणाचंही तसंच. चक्कीतून आलेली भुकटी गरम आणि हवा भरलेली असते, म्हणून हलकी. रात्रभर पडून राहिली की बसते आणि जड होते. हॉपरमध्ये भुकटीची कमान धरली, म्हणजे भुकटी मधेच अडकून खाली पोकळी राहिली, तर ऑगर अर्धवट रिकामा फिरतो आणि एखादं पाकीट एकदम १० ग्रॅमनं हलकं निघतं. ते वेगळं दुखणं आहे, सरासरीत मिसळू नका.

आता सेटिंगच्या रकान्याकडे या. छोट्या कारखान्यांत सगळ्यात मोठं कारण बऱ्याचदा इथे सापडतं, आणि सगळ्यात उशिरा. ऑपरेटर प्रामाणिक असतो. एक पाकीट १९९.५ आलं की तो सेटिंग वाढवतो, पुढचं २०५ आलं की कमी करतो. त्याला वाटतं, तो वजन सांभाळतोय. वास्तविक तो फरक वाढवतोय. मशीनचा स्वतःचा हेलकावा असतोच. सेटिंग बरोबर असतानाही एखादं पाकीट हलकं येणार आणि पुढचं आपोआप सरासरीकडे येणार. त्या एका पाकिटावरून सेटिंग वर ढकललं की पुढचं पाकीट नैसर्गिक फरक अधिक तुमची दुरुस्ती, असं दुहेरी हलतं. प्रत्येक पाकिटाच्या चुकीएवढी उलटी दुरुस्ती केली तर सिग्माचा वर्ग दुप्पट होतो, म्हणजे सिग्मा १.४१ पट. गुणवत्तातज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग फनेलच्या प्रयोगातून हेच दाखवायचे: फनेल जागेवर ठेवून गोट्या सोडा, मग प्रत्येक गोटीनंतर फनेल सरकवून सोडा, दुसऱ्या वेळी पसारा मोठा होतो.

हे तुमच्या मशीनवर अर्ध्या दिवसात तपासता येतं. एकाच बॅचची भुकटी, हॉपर अर्ध्यावर राखलेला, सेटिंगला हात न लावता लागोपाठ ५० पाकिटं. मग त्याच परिस्थितीत, नेहमीच्या सवयीनं सेटिंग फिरवत ५० पाकिटं. दोन्हींचा सिग्मा काढा. दुसरा पहिल्याच्या साधारण १.३५ पटीहून मोठा आला तर तो योगायोग नव्हे, असं ९५ टक्के खात्रीनं म्हणता येतं. हा प्रयोग ऑपरेटरच्या हातानं आणि त्याच्यासमोर करा. त्यानं स्वतः आलेख पाहिला की पुढे समजावत बसावं लागत नाही.

एक धोका लक्षात ठेवा. हॉपर सकाळी भरलेला असतो, सकाळी पहिल्या शिफ्टचा ऑपरेटर असतो आणि भुकटी रात्रभर बसलेली असते. तीनही गोष्टी एकत्रच घडतात. मग वजन जास्त कशामुळे? नुसत्या नोंदींतून ते सुटत नाही. त्यासाठी मुद्दाम प्रयोग करावा लागतो: हॉपर अर्धा किंवा पूर्ण, भुकटी ताजी किंवा १२ तास बसलेली. चार जोड्या, प्रत्येकीची २० पाकिटं, ऑपरेटर एकच, सेटिंग एकच, जोड्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून. शक्य असेल तर सगळं दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

समजा सरासऱ्या अशा आल्या: अर्धा-ताजी २०१.०, अर्धा-बसलेली २०३.२, पूर्ण-ताजी २०३.०, पूर्ण-बसलेली २०५.६. हॉपरचा परिणाम काढायला "पूर्ण"च्या दोन सरासऱ्यांच्या मध्यातून "अर्धा"च्या दोन सरासऱ्यांचा मध्य वजा करा: २०४.३ वजा २०२.१, म्हणजे २.२ ग्रॅम. तसाच भुकटीचा: २०४.४ वजा २०२.०, म्हणजे २.४ ग्रॅम. दोन्हींचा एकमेकांवरचा परिणाम जेमतेम ०.२ आहे, तो सोडून द्या. म्हणजे दोन्ही कारणं खरी आहेत, जवळपास सारखी मोठी आहेत आणि त्यांच्यावर स्वतंत्र उपाय करता येतात.

सुधारणा

हा टप्पा लहानच असतो, कारण वरचं नीट झालं असेल तर उपाय समोरच दिसतात. हॉपरला पातळीचा सेन्सर आणि भरणारा स्क्रू फीडर बसवता येईल. पैसे नसतील तर हॉपरच्या काचेवर दोन रेघा मारा आणि एकदम पोतं रिकामं करण्याऐवजी दर १५ मिनिटांनी थोडी भुकटी टाका. दळलेली भुकटी झाकून १२ तास बसू द्या आणि पोत्यावर दळण्याची वेळ लिहा, म्हणजे आधीची आधी वापरली जाईल. गोदामात एका दिवसाची जादा पोती ठेवायला जागा लागेल, ती आधी मोजा. सेटिंगला कुलूप किंवा पासवर्ड लावा, पण किल्ली ऑपरेटरकडेच राहू द्या. बदल करायचा नियम मात्र लिहिलेला हवा: एका पाकिटावरून कधीच नाही, पाचाच्या गटाची सरासरी नियंत्रण रेषेबाहेर (ती रेषा पुढच्या टप्प्यात काढू) गेली तरच.

सगळे उपाय एकदम सगळीकडे लावू नका. एका शिफ्टला एक आठवडा चालवून बघा आणि त्याच पद्धतीनं १५० पाकिटं तोला. समजा सरासरी २०१.६ आणि सिग्मा ०.९ आला. आता जवळच्या मर्यादेपर्यंत ३.६ ग्रॅम, भागिले २.७, म्हणजे १.३३. जास्तीचं भरण ३.६ वरून १.६ ग्रॅमवर आलं. दिवसाला २४ किलो, महिन्याला ६०० किलो वाचले, आपल्या धरलेल्या भावानं १,२०,००० रुपये. क्रम लक्षात घ्या: आधी सिग्मा खाली आला, मगच सरासरी खाली आणता आली. सिग्मा २.४ असताना सरासरी २०१.६ वर आणली असती तर सुमारे ७ टक्के पाकिटं १९८ च्या खाली गेली असती.

नियंत्रण: आलेख मशीनवर लागला पाहिजे

तीन महिन्यांनी सगळं पूर्ववत झालेलं दिसतं ते या टप्प्यात आळस केल्यामुळे. मशीनशेजारी सरासरी आणि पल्ल्याचा आलेख टांगा. दर तासाला ५ पाकिटांची सरासरी एका आलेखावर, आणि सगळ्यात जड व सगळ्यात हलक्या पाकिटातला फरक, म्हणजे पल्ला, दुसऱ्यावर. रेषा काढायला सुधारलेल्या प्रक्रियेचे २५ गट घ्या. समजा पल्ल्यांची सरासरी १.९ आली. पाचाच्या गटासाठी गुणक ०.५७७ आहे, म्हणून वरची रेषा २०१.६ अधिक ०.५७७ गुणिले १.९, म्हणजे २०२.७, आणि खालची २००.५. पल्ल्याची वरची रेषा २.११४ गुणिले १.९, म्हणजे ४.०, खालची शून्य.

या रेषा १९८ आणि २०६ च्या मर्यादांपासून पूर्ण वेगळ्या आहेत. मर्यादा आपण ठरवतो, नियंत्रण रेषा प्रक्रिया सांगते. सरासरीच्या आलेखावर १९८ आणि २०६ च्या रेघा मारू नका, दोन्ही मिसळले की ऑपरेटर पुन्हा जुन्या सवयीला जातो.

एक ठिपका रेषेबाहेर, किंवा लागोपाठ आठ ठिपके मधल्या रेषेच्या एकाच बाजूला, तर काय करायचं ते आलेखाखाली लिहा. मशीन थांबवा. काटा प्रमाणित वजनानं तपासा. हॉपरची पातळी आणि पोत्यावरची वेळ बघा. कमान धरली आहे का बघा. तरीही कारण दिसलं नाही तर फिटरला बोलवा, सेटिंग शेवटी. शेवटच्या चांगल्या गटानंतरची सगळी पाकिटं बाजूला काढा. दोन शिफ्टचे १६ तास आणि १२,००० पाकिटं धरली तर तासाची ती ७५० होतात, तेव्हा ती ठेवायला खोके आणि जागा आधीच नेमून ठेवा. मशीन थांबवायचा अधिकार ऑपरेटरला हवा. मालकाला फोन लागेपर्यंत मशीन चालू राहणार असेल तर आलेखाचा उपयोग नाही.

कार्यालयीन कामाला हीच पद्धत

पतसंस्थेतलं कर्जमंजुरीचं काम, दूध संकलन केंद्रावरची बिलं, मिरजेच्या रुग्णालयातला डिस्चार्ज, अशा ठिकाणी वजनाऐवजी वेळ मोजायची. तिथे तीन गोष्टी बदलतात. घड्याळ कुठून कुठवर ते आधी ठरवा: डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिल्यापासून खाट रिकामी होईपर्यंत की बिल हाती पडेपर्यंत? दुसरं, वेळेचे आकडे एका बाजूला लांब शेपटी काढतात, म्हणून सरासरीबरोबर मध्यक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि ९० व्या शतमानाचा आकडाही (दहातली नऊ कामं ज्याच्या आत होतात तो) बघा. तिसरं, प्रत्येक टप्प्याला "काम झालं" आणि "कागद नुसता पडून राहिला" या दोन वेळा वेगळ्या लिहा. बहुतेक वेळ पडून राहण्यातच गेलेला दिसतो. तो कमी करायला माणसांना घाई करायला लावावं लागत नाही.

पुढचं पाकीट

२०० ग्रॅमचा आलेख महिनाभर शांत राहिला की त्याच मशीनवर ५०० ग्रॅमचं पाकीट घ्या. जुने आकडे त्याला लावू नका. ५०० ग्रॅमला माफ तूट १५ ग्रॅम आहे, ऑगरचे फेरे वेगळे, हॉपर जास्त वेगानं उतरतो, त्यामुळे भुकटी टाकण्याचं १५ मिनिटांचं अंतरही बदलेल. रिकामी ३० पाकिटं तोलण्यापासून पुन्हा सुरू करा. २०० ग्रॅमच्या नियंत्रण रेषाही ऑगर, चाळण किंवा पाकिटाचा रोल बदलला की नव्यानं २५ गट घेऊन काढा, आणि जुन्या आलेखावर बदलाची तारीख लिहून तो फायलीत ठेवा.